मला कारचं ऑईल चालत नाही

हे खरं तर मी सांगायचं नव्हतं. टाकीवर थाप मारून मला बजावलं होतं, "कुणाला बोलायचं नाही हं." पण दोष भलत्याच माणसावर चालला होता, म्हणून बोलते.

मी एक मोटारसायकल. रंग काळा, टाकीला एक पोचा. तो पोचा गंगापूरचा. माझे पहिले मालक पुंजाराम एकदा मला घेऊन उसाच्या बांधावरून घसरले. आधी त्यांनी मला उचललं, मग स्वतःचं कोपर बघितलं. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि मी हर्सूलला मुकुंदरावांकडे आले.

मुकुंदराव वाईट नाहीत, पण त्यांचा कुणावर विश्वास नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघतात. कुलूप लावलं की पुन्हा पुन्हा ओढून बघतात. माझं ऑईल बदलायचं असलं की बद्रीनाथच्या गॅरेजात स्टूल टाकून पहाऱ्याला बसायचे.

"बद्री, जुनंच गाळून परत टाकत नाहीस ना?"

"काका, डबा तुमच्यासमोर फोडला की! आता काय पिऊन दाखवू व्हय?"

सगळे हसायचे. मुकुंदराव डब्याचं बूच तपासत राहायचे.

मला रोज चालवतात त्या मात्र त्यांच्या पत्नी, उमाताई. गेल्या वर्षी त्यांना खुलताबादच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हापासून दौलताबादचा घाट आम्ही दोघी चढतो. आधी टपरीवरचे लोक माना वळवून बघायचे. आता "मॅडम गेल्या, घड्याळ लावा," म्हणतात. घाटात उमाताई हळूच गाणं म्हणतात. घरी त्या कधी गात नाहीत.

एका रविवारी मुकुंदरावांनी ठरवलं, गॅरेजात जायचंच नाही. उमाताईंचा भाऊ हिमांशू याच्या नव्या कारचं ऑईल उरलं होतं. ते आणून, जिन्याखाली बसून त्यांनी माझं ऑईल काढलं आणि कारचं ओतलं. "लाखांच्या गाडीला चालतं, मग तुला काय धाड भरली?" असं म्हणून ती थाप मारली, आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून बजावलं. उमाताई बाजारात गेल्या होत्या.

ऑईल चांगलंच होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. कारचा क्लच बहुधा कोरडा असतो. माझा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑईल फार बुळबुळीत, त्यामुळे माझ्या क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरून ठेवीनात. सपाटीवर कुणाला कळलं नाही. घाटात मात्र मी नुसती ओरडायला लागले आणि चाक काही जोर धरेना. शाळेत पोचायला उमाताईंना उशीर झाला.

"तूच क्लच जाळलास," मुकुंदराव म्हणाले. "अर्धा दाबून चालवतेस. आता बसनं जात जा, ही गाडी विकून टाकू." हिमांशूलाही त्यांनी फोनवर तेच सांगितलं, उमाताईंच्या देखत.

"मी क्लच दाबून ठेवत नाही."

"मग काय गाडी खोटं बोलते?"

मी खोटं बोलते! आणि ते तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

उमाताई खाली आल्या आणि कितीतरी वेळ माझा क्लच दाबून सोडून बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली होती. तेवढ्यात त्यांना जिन्याखालच्या फरशीवर ऑईलचा ताजा डाग दिसला. त्यांनी बोट लावून बघितलं आणि वर जाऊन गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, वेरूळला जाऊन येऊ. तुम्ही चालवा, मी मागं बसते."

घाटात मुकुंदरावांनी ॲक्सिलरेटर पिळला. मी किंचाळले. मागून आलेला ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. "काका, उतरा, गाडीला लई वझं झालंय!" त्यावरचा माणूस ओरडला.

"क्लच अर्धा दाबलाय का हो?" उमाताईंनी विचारलं.

"हात सोडलाय गं मी!"

"मीपण सोडलेलाच असतो."

मुकुंदरावांनी मला कडेला घेतलं. हेल्मेट काढलं, घाम पुसला.

"जिन्याखाली डाग कसला आहे?"

"हिमांशूच्या कारचं ऑईल टाकलं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "म्हटलं, बद्री फसवतो."

"बद्रीनं नाही फसवलं. आणि मी काही जाळलं नाही. हिमांशूला फोन करा, आत्ता."

त्यांनी तिथंच, कठड्याला टेकून फोन केला. "उमा चांगली चालवते. चूक माझी होती." मी ऐकलं. उमाताईंनी स्पीकर लावायला सांगितला होता.

बद्रीनाथनं क्लच उघडून प्लेटा साफ केल्या आणि माझं ऑईल भरलं. मुकुंदरावांनी चष्मा लावून डब्यावरची 'एमए' ही अक्षरं स्वतः वाचली. मोटारसायकलच्या ऑईलवर ती असतात. माझी एवढीच विनंती आहे, महाग ते चांगलं असं समजू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच ऑईल आणा आणि डबा वाचून ओता.

संशयाची सवय आता मलाही लागली आहे. कॉलेजात जाणारी शेजारची मृण्मयी उमाताईंकडे गाडी शिकायची म्हणते. पोरगी हसरी आहे, पण माझा अजून विश्वास बसलेला नाही. क्लच कसा सोडते, ते आधी बघीन, आणि जर का तिनं—

"चल गं बाई, शाळेत पहिला तास माझा आहे!" उमाताईंनी किल्ली फिरवली.