हुपरीचा स्ट्रायकर

२००८ साली कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत मी मोबाईलवरच्या कॅरमचं काम करत होते. दोन गावांतली दोन माणसं आपापल्या फोनवर, एकाच वेळी, एकाच बोर्डावर खेळत. दुपारी ऑफिसातले सगळे जेवायला घरी जात. माझ्या खोलीवर वाट पाहणारं कोणी नव्हतं. डबा उघडून मी कंपनीच्या 'टेस्ट' या नावाने खेळत बसे.

बहुतेक दुपारी समोर 'पैंजण' असे. गाव हुपरी. मारण्याआधी त्याचा स्ट्रायकर पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरायचा. राणी समोर आली तरी तो ती माझ्यासाठी सोडायचा. गेममध्ये बोलायची सोय नव्हती, आणि मला ती लागतही नव्हती. दिवसभरात माझ्यासाठी थांबणारं तेवढंच कोणीतरी होतं.

खेळाडू ओळखायची आमची पद्धत कच्ची होती. गेम पहिल्यांदा उघडला की हँडसेटमध्ये एक खूण साठायची. ती खूण म्हणजे खेळाडू. हँडसेट बदलला की माणूस नवा, पॉइंट शून्य. तक्रारी वाढल्यावर आमचे साहेब अमरसिंह म्हणाले, "मॅडम, माणूस नंबरावरनं ओळखा की. फोन बदलतोय, नंबर कुठं बदलतोय?"

मी ओळख मोबाईल नंबराला जोडली. तक्रारी थांबल्या, आणि पैंजण नाहीसा झाला. त्याच्या जागी हुपरीचे तीन नवे खेळाडू आले. तिघेही घाईने मारत. तो सावकाश स्ट्रायकर कधी या नावाखाली दिसला, कधी त्या. मग दिसेनासा झाला.

शेवटी मी त्या तिघांतला एक नंबर लावला.

"तेजस्वी बोलतोय. कोण पावणं?" बाईचा आवाज होता.

मी कंपनीचं नाव सांगून पैंजणबद्दल विचारलं.

"आमच्या घरचाच की त्यो! चांदीचं काम चालतंय तितं एकच फोन पडलेला असतोय. ज्याला पायजे त्यानं आपलं शिमकार्ड घालायचं. पॉइंट समद्यांचं एकच हुतं."

"दुपारी सावकाश कोण खेळायचं?"

"मामंजी." ती हसली. "त्यांचं कार्डच न्हाय. माझं न्हायतर दिराचं घालायचं, आन् राणी सोडून हरायचं. आता पॉइंट ज्याचं त्याचं झाल्यात, मॅडम. कोण घालवू दील? बसत्यात घुंगरं ओवत."

"त्यांना वेगळं नाव देता येईल. कार्ड लागणार नाही. नाव आणि चार आकडे सांगायचे, बस." तसली सोय गेममध्ये अजून नव्हती, मी ती करणार होते.

तिने हाक मारली, "मामंजी, कंपनीच्या बाई इचारत्यात, परत खेळणार काय?"

लांबून काहीतरी उत्तर आलं.

"नगं म्हणत्यात. तिकडं टेस्ट म्हणून मशीन हाय, त्याला काय, कोणबी चालतंय."

"मशीन नाही," मी म्हणाले. "माणूस असतं तिथं."

"व्हय? कोण?"

टेस्ट हे नाव ऑफिसात सगळेच वापरत; दुपारी मात्र मी एकटीच.

"ऑफिसातलं कोणीतरी," मी म्हणाले.

"मग त्येच की, कोणबी," तेजस्वी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.