उभी होते, झोपवली

मित्रांनो, मी तुळई. जुनी आहे, मधोमध मोडलेली आहे आणि हल्ली मला फारसं काही जाणवत नाही. म्हणून जे झालं ते सरळच सांगते.

करवतीखालून निघाले तेव्हा माझी उंची रुंदीच्या तिप्पट होती. दोघा भावांच्या शिंपीकामाच्या दुकानात मला दोन भिंतींवर टेकवून, अरुंद कडेवर उभी बसवली. माझ्यावर माळा, माळ्यावर कापडाचे तागे. थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. धाकट्याची शिवण उलटी करून पाहिली तरी सुलटीच वाटायची. गिऱ्हाईक त्याच्याच हातासाठी यायचं. वर्षानुवर्षं मी तसूभर वाकले नाही. थोरला कौतुकाने वर बघायचा, तेव्हा मला बरं वाटायचं.

धाकटा मात्र ताडमाड. येता-जाता त्याचं कपाळ माझ्यावर आपटायचं. एकदा टेंगूळ चोळत तो म्हणाला, "दादा, हिला आता झोपवू या. उभी राहून दमली असेल बिचारी."

सगळे हसले. थोरल्याने नवा सुतार बोलावला. तो म्हणाला, "लाकूड तेच, वजन तेच. उभी काय नि झोपली काय!" थोरल्याने मान डोलावली आणि सुताराने मला रुंद बाजूवर झोपवली, तशी माझी खालची कड वर गेली.

मी दमले नव्हते, मित्रांनो. तुमची पट्टी घ्या. चपटी धरून वाकवा, लगेच वाकेल. कडेवर उभी धरा, हात दुखतील पण ती ऐकणार नाही. भार आला की तुळईचा वरचा भाग दबतो, खालचा ताणला जातो. ते दोन भाग एकमेकांपासून जितके लांब, तितका त्यांचा जोर जास्त चालतो. मला झोपवल्यावर ते जवळ आले आणि माझी ताकद तिसऱ्या हिश्शावर आली. लाकूड तेच होतं, हे खरं.

कपाळ आपटायचं थांबलं. सगळे खूश होते. काही दिवसांनी थोरल्याची बायको म्हणाली, "अहो, हिचं पोट खाली आलंय."

"वय झालं की सगळ्यांचंच येतं," स्वतःच्या पोटावरून हात फिरवत तो म्हणाला.

पुढे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. माळा गच्च भरला. भर दुपारी थोरल्याने आणखी एक तागा वर सरकवला आणि मी मोडले. धाकटा खाली मशीनवर होता. त्याचा उजवा हात माझ्याखाली सापडला. हात राहिला, पण बोटं मिटेनाशी झाली. सुई त्याला पुन्हा धरता आली नाही.

तेव्हा मला वाईट वाटलं. नंतर तेही वाटेनासं झालं. दुकानात आता लोखंडी तुळई आहे, वर-खाली रुंद आणि मध्ये बारीक. जोर लागतो तिथेच तिचं अंग आहे. मी मागच्या अंगणात पडून असते.

मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त भार पेलणारी कुठलीही वस्तू हलवण्याआधी, ती तशीच का ठेवली आहे ते विचारा. थोरल्याने विचारलं नाही.

रोज सकाळी दोघे भाऊ अंगणात येतात. थोरला धाकट्याच्या सदऱ्याची बटणं लावतो. धाकटा मान वर करून उभा राहतो. बटणं लावून होतात, तरी थोरला त्याची कॉलर उगाच नीट करत राहतो.