निळीत बुडालेली चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चाळणी आहे आणि जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते. सोलापूरच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत, नळाशेजारच्या खिळ्यावर माझं आयुष्य गेलं. समुद्र मी पाहिलेला नाही. त्याच्या तळाचा चिखल मात्र थरवार पिशव्यांतून माझ्याकडे येतो. पाण्याखाली गाळ वाहून जातो आणि माझ्या जाळीवर रव्याहून बारीक शंख उरतात. काही उबदार पाण्यातल्या जिवांचे, काही थंड पाण्यातल्यांचे. कोणत्या थरात कोणते जास्त, यावरून हजारो वर्षांपूर्वीचं हवामान कळतं.

थर धुऊन झाला की मला निळ्या रंगात बुडवतात. जाळीत एखादा शंख अडकलाच, तर तो निळा होतो आणि पुढच्या थरात उपरा म्हणून ओळखू येतो. या निळीने माझं पितळ पार काळवंडलं.

मग स्टीलची नवी चाळणी आली. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या निंगप्पामामांनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे संशोधन करणाऱ्या चंद्रिकाताईंना हिमयुगाच्या थरात उबदार पाण्यातले शंख सापडले. त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्षच बदलणार होता. जो तो नव्या चाळणीचं कौतुक करू लागला. मला माहीत होतं, मामा तिला निळीत बुडवतच नव्हते. दुसऱ्या थरातले शंख तिच्या जाळीत अडकून या थरात आले होते, आणि निळे नसल्याने उपरे म्हणून ओळखू येत नव्हते. मला वाचा नाही. पण असती तरी मी बोलले नसते. तिची फजिती मला बघायची होती. ताईंचं काय होईल, हे माझ्या मनातही आलं नाही.

ताईंना मात्र चैन पडेना. त्याच थराचा राखून ठेवलेला चिखल त्यांनी धुतला, या वेळी माझ्यावर. उबदार पाण्यातला एकही शंख निघाला नाही. त्यांनी मामांना निळीबद्दल विचारलं.

मामा खाली बघत म्हणाले, "न्हाय ताई. पूजेची वस्तू हाय, लई चकचकीत हाय. निळीत घालायला हात धजला न्हाय."

ताई रागावल्या नाहीत. लिहिलेलं प्रकरण त्यांनी रद्द केलं आणि नवीवर धुतलेले सगळे थर पुन्हा माझ्यावर धुवायला घेतले.

यंदाच्या खंडेनवमीला मामा कुंकवाची डबी घेऊन माझ्याकडे आले. ताई म्हणाल्या, "मामा, दोघींनाही लावा. पण मग धुऊन दोघींनाही निळीत बुडवा."

मित्रांनो, वस्तूला जपा, पण जपण्याच्या नावाखाली तिचं काम चुकवू नका. नवी आता माझ्याशेजारी टांगलेली असते, माझ्यासारखीच निळी. कुंकू तिला जरा जास्तच लावलं होतं, ते मी पाहिलं.