चालू करतानाचा झटका

वडील, म्हणजे अण्णा, जाऊन महिना झाल्यावर कौसल्या पुण्याहून आली, ती मंठ्यातलं त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आवरायला. वार्निशचा वास तसाच होता. तिला एकदम अठ्ठ्याण्णव साल आठवलं.

तेव्हा ती जालन्याला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. लाइट आली की विहिरीवरची मोटार आपोआप चालू करणारं सर्किट तिनं आखलं होतं. ते अण्णांनी एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोटारीवर बसवावं, एवढी एकच हौस. पण भुजंगअण्णा म्हणजे कठीण काम. मोटार चालू करताना ते पेचकसाचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकत. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला खोकायचीही सोय नसे.

कॉलेजातल्या कॉम्प्युटरनं तिचं सर्किट चालवून करंटचे आकडे दिले, रांगाच्या रांगा. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते घातले, तर डावीकडं एक उंच सुळका आणि पुढं सगळं जवळपास सपाट. दिसायला ओंगळ. तिनं सुरुवातीच्या चाळीस ओळी उडवल्या. मग लाटा कशा देखण्या उमटल्या. शनिवारी प्रिंट घेऊन ती एसटीनं घरी आली.

इंग्रजीशी अण्णांचा छत्तीसचा आकडा. "ह्या लाटा कशाच्या?"

"मोटारीच्या करंटच्या. चालू हाय तवर असा जाऊन राह्यला."

अण्णांनी डाव्या काठावर बोट ठेवलं. "मंग चालू करतानाचं कुठंय?"

"ते काढून टाकलं, अण्णा. चांगलं दिसत न्हवतं."

"मोटार तिथंच जळती, बाई."

तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. कागद तिथंच टाकून ती जालन्याला गेली. चालू करतानाचा तो सुळका नीट मोजला, लाटांच्या पाचपट. सर्किटातला मोटार चालू-बंद करणारा रिले तेवढा झटका सोसणारा नव्हता. तिनं तो बदलला आणि आठ दिवसांनी सर्किट आणि पहिल्या ओळीपासूनचा आलेख घेऊन आली.

अण्णांनी त्याच्याकडं जेमतेम नजर टाकली, "बराबर" म्हणाले आणि सर्किट घेऊन त्यांचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या कारभारीमामांच्या विहिरीकडं निघाले. एवढी धडपड करून आणलेला आलेख त्यांनी नीट बघितलाही नाही, हे तिला कितीतरी वर्षं सलत होतं.

आता वार्निशच्या डब्यांखाली तो पहिला कागद निघाला. डावीकडच्या कोऱ्या जागेत अण्णांनी पेन्सिलनं झटका काढून ठेवला होता. कागद पुरला नाही म्हणून वर कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं. कोपऱ्यात त्याच शनिवारची तारीख.

कौसल्यानं बोटांनी मोजलं. बराबर पाचपट. नवा कागद त्यांनी कशाला निरखून बघावा? ती त्यांच्या स्टुलावर बसली आणि पोटभर रडली.