तिचा प्रोग्राम, बत्तीस कामगार

काचवाल्याची बायको जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा काचवाल्यांच्या संघाने तिचा प्रोग्राम मागितला.

मोठ्या काचेतून गिऱ्हाइकांच्या मापाचे तुकडे कसे काढले म्हणजे कमीत कमी काच वाया जाईल, याचा नकाशा तो प्रोग्राम करून देई. दुकानामागच्या खोलीत बसून, चुकत-माकत शिकत तिने तो स्वतः लिहिला होता. संघाला तो सगळ्या दुकानांत द्यायचा होता. फोन ठेवल्यावर काचवाल्याने हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला आणि कारण नसताना दुकानाला दोन चकरा मारल्या.

हा आनंद फार टिकला नाही. संघाच्या तंत्रज्ञाचा फोन आला. प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणायची सवय असल्यामुळे त्याचं नावच बघू पडलं होतं.

"काका, काकूंच्या प्रोग्रामचं बिल्ड फेल होतंय."

"मराठीत बोल."

"काकूंनी जे लिहून ठेवलंय, त्यावरून मशीनला चालणारा प्रोग्राम तयार करावा लागतो. तो कधी तयार होतो, कधी मध्येच अडकतो. कमिटी म्हणते, असा बेभरवशाचा माल नको. शुक्रवारच्या बैठकीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर बाजारातला तयार घेतील."

"तिचं काम कधी अडकलेलं नाही," काचवाल्याचा आवाज चढला.

"बघू," बघू म्हणाला.

काचवाल्याने मुलीला बोलावलं. ती एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. ती आली, आईच्या खुर्चीवर बसली आणि तिने आपला लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा बिल्ड सुरळीत झालं.

"बघ! त्या बघूलाच काही येत नाही."

"थांबा बाबा. हे मी एकेक काम करून घेतलं. आता आठ कामं एकदम लावते." तिने पुन्हा चालवलं. लाल अक्षरं आली. पुन्हा चालवलं, पुन्हा लाल, पण या खेपेला दुसऱ्याच ठिकाणी. तिसऱ्यांदा झालं.

"वीज कमी पडत असेल," काचवाला म्हणाला.

"बाबा, वीज कमी पडली असती तर दिवे गेले असते."

बघूला फोन लावला, तर त्याच्याकडे तोडगा तयार होता. "ताई, एक ओळ टाका, की सगळी कामं एकामागून एक कर. वेळ लागेल, पण अडकणार नाही. कमिटीला सांगू, जुना प्रोग्राम आहे, जपून चालवा."

फोन स्पीकरवर होता. "जपून चालवायला तो काय आजारी आहे?" काचवाला म्हणाला.

"नाही टाकणार ती ओळ," मुलगी म्हणाली. "आईचं काम ताठ मानेने जाईल."

ती कामाला लागली. काचवाला स्टूल ओढून शेजारी बसला. समजत नव्हतं, तरी उठवत नव्हतं. लाल अक्षरांत बहुतेक वेळा एकाच फायलीची तक्रार होती. कधी ती सापडत नव्हती, कधी अर्धवट मिळत होती. ती होती काचेच्या जाडीच्या तक्त्याची फाइल. ती आईने हाताने लिहिलेली नव्हती. बिल्ड चालू असताना एक छोटा प्रोग्राम ती तयार करायचा.

"आता या तक्ता करणाऱ्याला मी मुद्दाम पाच सेकंद झोपवते."

"कामावरच्या माणसाला झोपवतेस?"

"तो उशीर करेल, मग त्याच्यासाठी न थांबणारे आपोआप उघडे पडतील."

तसंच झालं. आता बिल्ड दर वेळी अडकू लागलं, आणि अगदी त्याच जागी. मुलीने टाळी वाजवली. बिल्ड फेल झालं म्हणून कोणी इतकं खूश होतं हे काचवाल्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"कापण्याचा हिशोब करणाऱ्या कामांना तक्ता लागतो, पण तक्ता होईपर्यंत थांबा असं कुठे लिहिलेलंच नाही. आईच्या मशीनवर एकच कामगार, यादीत तक्ता पहिला, त्यामुळे तो आधीच व्हायचा. आठ जण आले की एक तक्ता करत बसतो, बाकीचे रिकाम्या हाताने धावतात."

"तिच्यापुढे माप नक्की झाल्याशिवाय हिऱ्याला हात लावायची माझी छाती नव्हती," काचवाला म्हणाला. "गिऱ्हाईक दारात ओरडत असलं तरी."

"म्हणूनच लिहिलं नसेल. तिला ते सांगायची गोष्टच वाटली नसणार."

मुलीने ते लिहिलं, झोपेची ओळ काढली आणि बिल्ड पुन्हा पुन्हा चालवलं. एकदाही अडकलं नाही. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बघूचा फोन. "ताई, खूप सुधारलं. पण आमच्या मशीनवर बत्तीस कामं एकदम चालतात. अधूनमधून अजून अडकतंय. ती ओळ..."

"टाकणार नाही," असं म्हणून मुलीने फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकलं. काचवाल्याने तिच्यापुढे चहा ठेवला. जरा वेळाने तिने बघूकडून अडकलेल्या बिल्डच्या सगळ्या फायली मागवल्या आणि एकेक वाचायला घेतली. सरळ कडांच्या हिशोबात मध्येच गोल कोपऱ्यांचे आकडे होते.

"हे इथे कसे आले?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि एकदम ताठ बसली. "बाबा, दोन कामगार एकाच पाटीवर लिहितायत! दोघांच्या कच्च्या फायलीला एकच नाव. एक लिहितो, दुसरा पुसतो. पाठोपाठ आले तर काही बिघडत नाही, एकदम आले की मारामारी."

तिने दोघांना वेगवेगळी पाटी दिली. तेवढीच दुरुस्ती.

या खेपेला बघूने आपणहून दिवसभर मशीन चालवत ठेवलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा तो 'बघू' म्हणायला विसरला होता. "काका, एकदाही नाही अडकलं. मी काकूंचं सगळं वाचून काढलं. नकाशा काढायचा हिशोब इतका नेटका आहे, त्यात काही हलवायला जागाच नाही."

"माहीत आहे," काचवाला म्हणाला. माहीत त्याला काहीच नव्हतं, पण मान वर झाली होती.

शुक्रवारी कमिटीने होकार दिला. प्रोग्राम दुकानादुकानांत गेला. वरती बायकोचं नाव होतं, त्याखाली दुरुस्ती करणारी म्हणून मुलीचं. काचवाल्याने चष्मा पुसून ती दोन नावं वाचली, आणि मग मुलीलाही वाचायला लावली.

काही दिवसांनी लांबच्या कुठल्याशा दुकानातून फोन आला. अनोळखी काचवाला विचारत होता, वहिनींच्या प्रोग्राममध्ये आरशाचं माप कसं टाकायचं.

"मी नुसता कापतो हो," आपला काचवाला म्हणाला. "थांबा, त्यांच्या मुलीला देतो." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशी त्याने हाक मारली.