लग्नपत्रिकांतून कापलेले शब्द

मी एक जुनी गड्डी आहे. लांबून पाहिलं तर पत्त्यांची वाटेन, पण माझ्यात राजा-राणी कुणी नाही. माझ्यात इंग्रजी शब्द आहेत, आणि तेही असे की अर्थ विचारला तर भल्याभल्यांना घाम फुटावा. मित्रांनो, कहाणी जरा भरभर सांगते, कारण मला एका जागी बसवत नाही. रोज पिसून पिसून माझा स्वभावच तसा झाला आहे. काल वर असलेला शब्द आज तळाला जातो, तळाचा मध्ये घुसतो, आणि उद्या पुन्हा सगळी उलथापालथ होते.

माझा जन्म उदगीरचा. तिथे उमाशंकरअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांच्या मुलीचं, दामिनीचं, लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आल्या. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी किनार, वर 'श्री वीरभद्रेश्वर प्रसन्न'. एक बाजू छापील, दुसरी कोरी. पत्रिका वाटायला निघणार तेवढ्यात मुलाकडचा निरोप आला, की लग्नानंतर परीक्षा-बिरीक्षा चालणार नाही. दामिनी म्हणाली, "चालणार नसेल तर राहू द्या." आणि ते लग्न राहिलंच. मुलाचं नाव वीरेश. दोघांची नावं कोरलेली भांडी अप्पांनी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. पत्रिकांचे गठ्ठे मात्र बैठकीतच पडून राहिले. दामिनीची आई नीलम्मा जाता-येता तिकडे बघायची आणि डोळ्याला पदर लावायची.

एका दुपारी दामिनी कात्री घेऊन त्या गठ्ठ्यांपुढे बसली.

"काय करायलीस गं?" नीलम्मा धावत आली. "देवाचं नाव हाय त्याच्यावर!"

"देवाचं नाव येगळं काढून ठेवलंय, अव्वा. बाकीचं कामाला येतंय."

अशी मी जन्मले. कोऱ्या बाजूला इंग्रजी शब्द, आणि छापील बाजूला, छापलेल्या ओळींवरूनच, जाड लाल शाईत मराठी अर्थ. त्यामुळे माझ्या अंगावर गमतीजमती झाल्या. 'अगत्य येण्याचे करावे' या ओळीवर लिहिलं आहे 'चालढकल करणे'. 'चि. वीरेश' जिथे छापलं होतं तिथे आहे 'चंचल, घडीघडी मत बदलणारा'. हा योगायोग होता की दामिनीचा डाव, ते मला अजून कळलेलं नाही.

अप्पांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. लग्न मोडल्यापासून ते दुकानातही मान खाली घालून बसत होते.

"ठीक हाय," ते म्हणाले. "बँकेची ही एक परीक्षा दे. नाव लागलं तर लागलं. न्हाई लागलं तर मलप्पा आणील त्या स्थळाला हो म्हणायचं. मला मोंढ्याच्या बाजारात चार माणसांत बसावं लागतंय."

मलप्पा म्हणजे त्यांचे लांबचे नातलग. साऱ्या जिल्ह्यातली लग्नाची मुलंमुली त्यांना तोंडपाठ. दामिनीने मान हलवली. त्या दिवसापासून मित्रांनो, माझ्या प्रत्येक शब्दावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टेकलेलं होतं, आणि त्या भाराने मला कधी स्वस्थ वाटलं नाही.

दिवस मात्र छान होते, हेही सांगायला हवं. लातूरच्या क्लासला ती एस.टी.ने जायची तेव्हा मी तिच्या हातात असायची. गाडी खड्ड्यात आदळली की माझ्यातले दोन-चार शब्द शेजारच्या बाईच्या पिशवीत उडायचे. एकदा 'काटकसरी' हा शब्द कुणाच्या तरी मेथीच्या जुडीत सापडला. अभ्यासिकेतल्या मुली मला मागून न्यायच्या. "अशी गड्डी बाजारात मिळत न्हाई बघ," असं म्हणायच्या, आणि मी फुगून रबर तोडायची.

पण खरा अभ्यास व्हायचा स्वयंपाकघरात. नीलम्माला इंग्रजी येत नव्हतं, मराठी मात्र ती झरझर वाचायची. एका हाताने तव्यावरची भाकरी उलटायची आणि दुसऱ्या हाताने माझं एकेक कार्ड डोळ्यांसमोर धरून अर्थ वाचायची. दामिनी इंग्रजी शब्द सांगायची.

"चिवट?"

"टिनेशस."

"बडबड्या?"

"गॅर्युलस. आपले मलप्पाकाका."

दोघी हसायच्या. ज्या पत्रिकांकडे पाहून नीलम्मा रडायची, त्याच आता ती पिठाच्या हाताने धरायची. माझ्या कडा तेव्हापासून पांढुरक्या झाल्या आहेत.

आता माझ्यातल्या एका कार्डाबद्दल सांगते. बाकी सगळे अर्थ दामिनीने शब्दकोशात बघून लिहिले. पण 'बिझार' हा शब्द तिने मोबाईलवरच्या एका शिकवणीत ऐकला आणि तिला हसू आलं. हा तर आपलाच शब्द! नीलम्मा दिवसातून दहादा म्हणायची, "आज लई बेजार झाले बाई." तेव्हा शब्दकोश कशाला उघडायचा? तिने लिहून टाकलं, 'बेजार, त्रासलेला'. नीलम्मानेही तेच वाचलं, दामिनीने तेच पाठ केलं. आणि मी? माझ्यावर जे लिहितात तेच मला कळतं. त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

लेखी परीक्षेत ती पास झाली. मुलाखत नांदेडला होती. मला पर्समध्ये घालून तिने पर्स खुर्चीपाशी ठेवली. समोर दोन साहेब आणि एक मॅडम. एका साहेबांनी विचारलं, की पदवीनंतर वर्षभर काय करत होतात? दामिनी इंग्रजीत बोलू लागली. लग्न ठरलं होतं, मोडलं. आणि मग ती म्हणाली, "आय वॉज व्हेरी बिझार."

साहेब हसले. दुसरे साहेब मराठीत म्हणाले, "तुम्ही विचित्र होतात? कमाल आहे!"

मला काही उमगेना. आतल्या आत माझी सगळी कार्डं एकमेकांवर घसरली. अर्थ तर लिहिला होता! मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बिझार म्हणजे विचित्र. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"बेजार, मॅडम," दामिनीचा आवाज अगदी बारीक झाला.

"असू द्या. मग घरच्यांनी पुढं शिकू दिलं?"

दामिनीने पर्स जवळ ओढली. मला वाटलं, आता ती उठून जाणार. पण ती स्पष्ट म्हणाली, "माय फादर इज मॅग्नॅनिमस."

मित्रांनो, हे कार्ड माझ्यातच आहे. अर्थ आहे 'मोठ्या मनाचा'. या वेळी अर्थ बरोबर होता. पण अप्पांनी घातलेली अट मला माहीत होती, त्यांचं फिरवलेलं तोंड मी पाहिलं होतं. तरी ती हे मनापासून बोलली. तिला तसंच वाटत होतं.

घरी आल्यावर तिने जेवताना सगळं सांगितलं. बेजारची फजिती ऐकून नीलम्माचा घास हातातच राहिला. "अगं बाई, माझ्या बोलण्यानं घोटाळा झाला की!" ती हळहळली. दामिनीने मग मॅडमना दिलेलं शेवटचं उत्तर सांगितलं.

अप्पांनी विचारलं, "त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय?"

"मोठ्या मनाचा, अप्पा."

अप्पा ताटात हात धुऊन उठले. भाकरी अर्धी तशीच होती.

पुढे यादी लागली. यादीत दामिनीचं नाव नव्हतं. तिने माझ्याभोवती रबर गुंडाळलं, एकावर एक कितीतरी वेढे दिले, आणि मला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं. तो काळ मला आठवला तरी गुदमरल्यासारखं होतं. हलायला जागा नाही, उजेड नाही. सगळे शब्द जिथल्या तिथे. टिनेशस कायम वर, त्याच्याखाली कायम तोच दुसरा. तुम्हाला वाटेल, चांगली विश्रांती मिळाली. विश्रांती नव्हती ती. मी आत अक्षरशः कुरतडत होते स्वतःला. घरातले आवाज मात्र पत्र्यातून येत होते, आणि मी एकाच आवाजाची वाट बघत होते, तो यायला नको म्हणून.

तो आला. मलप्पांचा खणखणीत आवाज. निलंग्याचं स्थळ होतं, मुलगा नोकरीवाला, शेती बागायती, पाण्याखालची. "फोटो पसंत हाय त्यांना," मलप्पा म्हणाले. "तुम्ही फक्त हो म्हणा. पोरगी कबूल हाय न्हवं?"

दामिनी दारात उभी असावी, कारण तिच्या बांगड्यांचा आवाज जवळून आला. "कबूल केलं होतं मी," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

मग अप्पांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"न्हाई, मलप्पा," अप्पा म्हणाले. "तिचा अभ्यास चालू हाय. आवंदाही परीक्षा देणार हाय ती."

"अहो, पण तुमचीच अट होती ना? नाव न्हाई लागलं तर..."

"होती. पण पोरीनं नांदेडला साहेब लोकांपुढं मला मोठ्या मनाचा म्हणून सांगितलंय. इंग्रजीत सांगितलंय. आता मी काय करू? तिला खोटं पाडू?"

मलप्पांना चहा पिऊन जावं लागलं. ते गेल्यावर डब्याचं झाकण उघडलं. दामिनीचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती. तिने रबराचे वेढे काढले, 'बेजार' खोडून त्याच्या खाली 'विचित्र' लिहिलं, आणि मला असं काही पिसलं की माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. शब्द पाठ करून त्यांना डब्यात कोंडून ठेवू नका. अर्थ ओळखीचा वाटला तरी एकदा शब्दकोश उघडा. शब्द चुकला, लोक हसले, तर हसू द्या आणि पुढचा शब्द बोला. आणि एखादा चांगला शब्द शिकलात तर तो फक्त परीक्षेत लिहू नका, घरातल्या कुणाला तरी लावून बघा. त्यांना तो अंगाला मोठा होईल. तरी लावा.

अप्पांना अजून तो शब्द नीट म्हणता येत नाही. परवा दुकानात कुणीतरी विचारलं, पोरीचं लग्न कधी करताय? तेव्हा ते म्हणाले, "आम्ही म्यागनमस हाव. आम्हाला घाई न्हाई."