मळीचा पोयटा

तेरड्याची गौर घरात येऊन बसली होती, हळदकुंकवाला बायका यायच्या होत्या, आणि पुतळा अंगणात उभी राहून नवऱ्याच्या नावानं ओरडत होती. शेजारची केशरबाई दारात आली आणि तिथंच थबकली. भांडण ऐकायला मिळत असेल तर केशरबाईला कधीच घाई नसे.

"कोनाला विचारून माझ्या मळीची माती दिली?"

"गावाला दिली. परक्याला नाय दिली," तुळशीराम खाली मान घालून म्हणाला.

"मळी गावाची हाय? माझ्या बापानं मना दिली. तुमच्या घरातून ढेकूळ तरी आला होता का तिथं?"

"बांध गेला तर काय खाशील? मळीतले वाल खाशील बारा महिने?"

"बांधाला ती माती चालनार नाय! पोयटा हाय तो. पानी लागला का विरघळतो. सतरा वेळा सांगला तुमाला."

 तळेखार गावाच्या बांधाची राखण तुळशीरामकडे होती आणि आठ दिवसांत त्याचं वजन निम्मं झालं होतं. गावापुढं खाडी, आणि खाडीच्या भरतीपेक्षा खोल अशी भाताची खारं. मधे काय तो मातीचा बांध. गेल्या अवसेच्या उधाणात त्या बांधाची खाडीकडची बाजू तीस पावलं खचली. आतल्या अंगाला हातभर जाडीची भिंत तेवढी उरली. आता चार-सहा दिवस भांग होता, म्हणजे भरती कमी. त्यानंतर भादव्यातली पुनव, वर्षातलं मोठं उधाण. भात पोटऱ्यात आलेलं. खारं पाणी आत शिरलं तर हे वर्ष गेलंच, पुढची तीन वर्षंही त्या जमिनीत गवत धरणार नव्हतं.

दरवर्षी बांध खाडीच्या चिखलानं लिंपायचे. काळा, चिवट, वास मारणारा चिखल. फावड्यानं त्याच्या विटा कापायच्या, माणसांची रांग लावून हातोहात पुढं सरकवायच्या, बांधावर आपटायच्या, पायानं मळायच्या. सुकला की तो दगडाला ऐकत नसे. पण यंदा तो चिखल कुठं होता? नवं शहर येतंय म्हणून उन्हाळ्यापासून डंपरवर डंपर आले आणि पुरुषभर मुरूम टाकून गेले. चिखल त्याच्या खाली. वर तारेचं कुंपण. तुळशीराम हात जोडून गेला, तेव्हा तिथल्या माणसानं अर्ज करायला सांगितलं. पुनवेला उधाण असतं हे त्या भल्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं.

राहिली पुतळाची मळी. गावाच्या मागं डोंगरातून नदी उतरते, तिच्या काठावर दोन पुरुष उंच अशी सपाट पायरी. कधी काळी नदी तिथून वाहत होती. पुरामागून पूर आले, आपला गाळ ठेवून गेले आणि नदी खाली उतरली. पाऊण एकर पोयटा, पुरुषभर खणलं तरी खडा लागायचा नाही. मुठीत घेतला तर पिठासारखा मऊ, ओला असला तर अंगठ्याचा ठसा उमटवून घेणारा. पाऊस संपल्यावर पुतळा तिथं वाल टाकायची, आणि थेंबभर पाणी न देता नुसत्या ओलीवर वाल माघापर्यंत हिरवे राहायचे.

पण त्या मातीची खोडही तिला माहीत होती. जोराची सर येऊन गेली की वर पापुद्रा धरायचा, खालचा कोंब गुदमरायचा. मग पुतळा दिवस दिवस उकिडवी बसून बोटांनी तो पापुद्रा फोडायची. पाण्याला उतार मिळाला तर रात्रीत घळ पडायची. म्हणून बापानं काठाला निरगुडीचं दाट कुंपण लावलं होतं. तो म्हणायचा, "ही माती पानी पोटात ठेवते गो, पन धावत्या पान्याबरोबर पळून जाते. तिला धावता पानी दाखवायचा नाय." खारातल्या माणसांना हे कुठून कळणार? त्यांचा जन्म चिखल मळण्यात गेलेला.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं गाव बसला. पुतळा पाण्यानं भरलेलं पातेलं घेऊन आली. जुन्या बांधाच्या बुडातून तिनं मूठभर चिखल खरवडून आणला होता, दुसऱ्या हातात मळीची माती. दोन्हींचे लाडू वळले आणि सगळ्यांसमक्ष पाण्यात सोडले.

"बगा आता."

चिखलाचा लाडू तळाशी जाऊन बसला तो बसला. पोयट्याच्या लाडवाभोवती आधी धूर झाला. मग त्याला चीर गेली, एक बाजू घसरली, आणि चांगदेवबाबांची विडी संपायच्या आत तळाशी नुसती साय उरली.

"पातेल्यात खेळ करते," केशरबाई म्हणाली. "आपली मळी वाचवायला. बांध काय पातेल्यात बांधायचा हाय?"

"मळी वाचवायला नाय गो. तुझाच भात वाचवायला सांगते."

चांगदेवबाबा गावातले सगळ्यात म्हातारे. ते पातेल्यावर वाकले. "पुतळे, तू खोटी नाय. पन दुसरी माती कुठं हाय, ते सांग."

"खारातली काडा. तीपन चिवट हाय. बांधापासून लांबची काडा, म्हंजे बुडाला खड्डा पडनार नाय."

"काडू. कोनाचा भात कापायचा?"

पुतळानं सगळीकडे बघितलं. साठ घरांतली माणसं बसली होती आणि साठ घरांची नजर जमिनीला खिळली होती. केशरबाईनं पदर सारखा केला. तुळशीरामचं तीन गुंठे खार होतं, ते नेमकं बांधाच्या बुडाशी, म्हणजे तेही कामाचं नाही. पोटऱ्यातलं भात आपल्या हातानं कापून द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुतळालाही त्यांचा राग आला नाही.

"न्या," ती म्हणाली. "खना माझी मळी. उद्या बांध गेला, तर पुतळानं माती दिली नाय म्हनून गेला, असा कोन बोलायला नको."

दुसऱ्या दिवसापासून घरटी एक माणूस मळीवर आला. मागच्या अंगानं खणा, काठ सोडा, असं पुतळा कानीकपाळी ओरडत होती. पण काठावरून गावाची वाट जवळ पडत होती आणि दिवस चारच होते. पहिल्याच दुपारी निरगुडीचं कुंपण मुळासकट उपटलं गेलं. ते बघून ती एकदा मटकन खाली बसली, आणि मग उठून स्वतःच टोपली घेऊन रांगेत लागली. द्यायचंच आहे तर टिकलं पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं. मातीत पेंढा घाला म्हणून तिनंच सांगितलं. बांबूच्या मेखा तिनंच ठोकायला लावल्या. घराघरातून गोणपाटं मागून आणली. चार दिवस तिच्या चुलीवर पेजेशिवाय काही शिजलं नाही.

बांध मोठा देखणा झाला. फळ्यांनी चोपून चोपून गुळगुळीत. चांगदेवबाबांनी त्यावर अंगठा दाबून बघितला आणि मान डोलावली. तुळशीराम कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसला.

"काय गो, हाय का नाय घट्ट?"

"हाय," पुतळा म्हणाली. आणि तिलाही वाटलं, की बाप चुकला असेल. अगदी मनापासून वाटलं. मारुतीला तिनं नारळ बोलला, तो आपल्या मळीसाठी नाही, बाप खोटा ठरावा म्हणून.

पुनवेच्या दुपारी भरती चढली. सगळा गाव बांधावर उभा होता. वारा नव्हता, लाटा नव्हत्या. पाणी मुकाट्यानं वर येत राहिलं आणि बांधाला टेकून उभं राहिलं. लोकांचा जीव भांड्यात पडायला लागला. पुतळा तेवढी खाली बघत होती. बांधाच्या कडेचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, आणि तो रंग हळूहळू खाडीत पसरत होता.

"अवो, माती चालली!" ती किंचाळली.

तुळशीरामनं बांधावर पाय दाबला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला. पेंढ्याच्या काड्या मोकळ्या होऊन पाण्यावर तरंगू लागल्या. मग तीस पावलांचा तो देखणा बांध आवाज न करता खाली बसला. दह्याची कवडी मोडावी तसा. मागची हातभर भिंत एकटी पाण्याचा भार पेलेना; ती फुटून पाणी आत शिरलं तेव्हा मात्र गर्जना झाली. माणसं दारांच्या फळ्या घेऊन धावली, गणपतीच्या मखराच्या पाट्यासुद्धा आणल्या. तुळशीराम बांधाच्या फुटलेल्या खांडीत उभा राहिला, छातीएवढ्या पाण्यात, हात पसरून. जणू पाणी त्याला विचारून थांबणार होतं. चौघांनी त्याला ओढून काढलं, तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता.

ओहोटी लागल्यावर बायामाणसं खारात उतरली. भात एका दिशेला विंचरल्यासारखं आडवं पडलं होतं आणि त्यावर बोटभर जाडीचा पोयटा बसला होता. मऊ, स्वच्छ, पेरणीला तयार करावा तसा. पुतळानं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवला. खारट होता. तिनं तो थुंकून टाकला.

"बघ!" केशरबाई आपल्या शेतात उभी राहून ओरडली. "तुझ्या बापाच्या मातीनं माझा भात खाल्ला! खोटी माती दिली गावाला!"

कुणी तिला गप्प केलं नाही. दहा-वीस जणांनी उलट माना डोलावल्या. पुतळानं नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडे एवढं कधी मागितलं नव्हतं.

"ती नको म्हनत होती," तुळशीराम म्हणाला. "मी आनली माती. पातेल्यात दाखवला होता तिनं. तुमी सगळ्यांनी बघितला."

चांगदेवबाबांनी तोंड फिरवलं. केशरबाई आणखी काही बोलायला गेली आणि तशीच चिखलात बसली. "आता माझ्या पोरांना काय घालू गो?" ती म्हणाली. पुतळा तिच्याजवळ जाऊन बसली. भांडायला आता दोघींकडेही काही उरलं नव्हतं.

परतीच्या पावसानं राहिलेली मळीही नेली. काठ उघडा पडला होता, कुंपण नव्हतं. दोन सरींत तिच्यात अशी घळ पडली, की बैल उभा राहील.

दसऱ्यानंतर गावातली कर्ती माणसं बेलापूरच्या बाजूला कामाला जाऊ लागली. तिथं सरकारी इमारतींसाठी जमीन भरायचं काम निघालं होतं. एका सकाळी तुळशीराम आणि पुतळाही रांगेत उभे राहिले. मागं केशरबाई होती. मुकादम देशावरचा, घाईतला माणूस. त्यानं तुळशीरामच्या हातात फावडं दिलं आणि पुतळाकडे वर-खाली बघितलं.

"बाई, माती वाहायची सवय आहे का?"

"हाय," पुतळा म्हणाली, आणि घमेलं डोक्यावर घेतलं.